गोदामातला कॉम्प्युटर कुणाच्या हाताखाली?

मी गोदामात ज्वारीचे ५९ कट्टे टाकले आणि हातात पावती पडली ५१ कट्ट्यांची. गोदामाचे नाव घेत नाही. असे गोदाम प्रत्येक तालुक्यात एखादे तरी निघेल. पावती मी जागच्या जागी वाचली नाही. ट्रॉलीवाला भाड्यासाठी ताटकळला होता, ऊन चढले होते, कागदाची घडी केली आणि खिशात टाकली. चूक माझी. तारणाची उचल घ्यायला गेलो आणि रक्कम आठ कट्ट्यांनी कमी भरली, तेव्हा डोळे उघडले. आठ कट्टे म्हणजे चार क्विंटल. कोरडवाहू रानात चार क्विंटल ज्वारी कशी पिकते हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगायला नको.

चौकशी सुरू झाली. पहिला संशय कुणावर? हमालावर. कट्टे त्याच्या पाठीवरून आत गेले, तेव्हा बाहेरही त्याच्याच पाठीवरून गेले असणार, असा साहेबी न्याय. तीन दिवस त्याला कामावर घेतले नाही. चौथ्या दिवशी तो घरून आपली वही घेऊन आला. हमाली कट्ट्यामागे मिळते, म्हणून ही मंडळी आपली मोजणी आपणच ठेवतात: चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. त्या वहीत त्या दिवशीचे माझे कट्टे होते ५९. मग तारेला टोचलेली मापाड्याची चिठ्ठी शोधली. तीन खेपा लिहिल्या होत्या: २५, २५ आणि नऊ. शेवटचा नऊ मापाड्याने इंग्रजीत काढला होता. संध्याकाळी ऑफिसात चिठ्ठ्या पाहून कॉम्प्युटरमध्ये आकडे भरणाऱ्या पोराने तो मराठी एक म्हणून वाचला. इंग्रजी नऊ आणि मराठी एक शेजारी शेजारी काढून पाहा, तुम्हीही फसाल. पंचवीस अधिक पंचवीस अधिक एक, झाले एक्कावन्न!

वजनावरून चूक लक्षात यायला हवी होती, असे कुणी म्हणेल. वजन केलेच कुठे? नमुन्याचे चार कट्टे काट्यावर ठेवले, पन्नास किलो भरले, आणि पुढे कट्ट्यांना पन्नासने गुणण्याचे काम कॉम्प्युटरने केले. गुणाकार मात्र अगदी बरोबर होता.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच आहे. चूक मान्य झाल्यावर त्या पोराने एक्कावन्न खोडून एकोणसाठ केले. झाले. आता त्या कॉम्प्युटरमध्ये कधी एक्कावन्न होते याचा मागमूस नाही. कुणी लिहिले, कधी लिहिले, कुणी बदलले, काही नाही. हमालाचे तीन दिवस बुडाले तेही कुठे नोंदलेले नाहीत. उद्या कुणी एकोणसाठचे चाळीस केले तरी ते इतक्याच सफाईने होईल.

ही जुनी कहाणी आज उगाळण्याचे कारण आहे. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने गोदाम भाड्याने घ्यायचे ठरवले आहे आणि त्यासाठी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम कोणता घ्यावा यावर संचालक मंडळात दोन बैठका झाल्या. जिल्ह्यातल्या इतर कंपन्यांपुढेही हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे. एका विक्रेत्याने आम्हाला भिंतीवर चित्रपट दाखवावा तसा प्रोग्रॅम दाखवला. रंगीत गोल, चढते-उतरते खांब, नकाशावर चमकणारे ठिपके. संचालक खूश. मी विचारले, कट्टा मोजणारा माणूस यात आकडा कुठे भरतो? विक्रेत्याने माउस फिरवला, एक यादी उघडली, त्यातून दुसरी उघडली, तिसरी खिडकी आली, तारीख निवडायला छोटे कॅलेंडर आले. एक आवक नोंदवायला किती वेळा क्लिक केले ते मी मोजत होतो. चौदाला मोजणे सोडले. वर तो म्हणाला, "हमालाला याला हात लावायची गरजच नाही, तुमचा ऑपरेटर संध्याकाळी भरेल." म्हणजे पुन्हा चिठ्ठी, पुन्हा तार, पुन्हा इंग्रजी नऊ आणि मराठी एक.

माझे म्हणणे उलट आहे. नोंद काट्यापाशीच व्हावी, माल हलतो त्याच क्षणी व्हावी, आणि माल ज्याच्या हातून जातो त्या हमालाने, मापाड्याने किंवा गोदामपालाने ती करावी. त्याला जमेल असाच प्रोग्रॅम घ्यावा, नाहीतर जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी. वही शंभर वेळा बरी.

बोटाला कळणारी कळ

त्याला जमेल असा म्हणजे कसा? माउस नको, बोटाने चालणारा काचेचा पडदाही नको. साधा कीबोर्ड हवा, त्यातही उजवीकडचा आकड्यांचा चौकोन. का ते सांगतो. गोदामात हाताला धूळ असते, घाम असतो. ओल्या आणि मळक्या बोटाला काचेचा पडदा कधी दाद देतो, कधी भलतीकडेच उघडतो. माउस हलवायचा तर नजर पडद्यावर लागते आणि मोजणाऱ्याची नजर कट्ट्यावर हवी. कीबोर्डाचे तसे नाही. आकड्यांच्या चौकोनात मधल्या पाचाच्या कळीवर एक बारीक उंचवटा असतो. बोट त्यावर टेकले की बाकीचे आकडे न बघता सापडतात.

हे काही मी नवीन शोधून काढलेले नाही. अडत्याच्या पेढीवर मुनीम टॅली चालवतो तेव्हा त्याचा हात बघा. एफ आठ दाबला की विक्री, एफ नऊ दाबला की खरेदी. तो पडद्याकडे बघतसुद्धा नाही, आपल्याशी भावाची घासाघीस करता करता नोंद करून मोकळा होतो. रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरचा कारकूनही असाच, कळांवर बोटे चालवत रांग पुढे सरकवणारा. व्यापाऱ्याच्या मुनिमाला जे वेगवान हत्यार मिळाले, ते आपल्या गोदामात नको आणि आपल्याला मात्र रंगीत गोल बघत बसायचे, हा कुठला शहाणपणा?

एक अडचण मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर पहिल्याच दिवशी फजिती होईल. कीबोर्डावरचा आकड्यांचा चौकोन कॅल्क्युलेटरसारखा असतो, सात-आठ-नऊ वरच्या ओळीत. मोबाईलवर एक-दोन-तीन वर असतात. आपल्या माणसांची बोटे मोबाईलला सरावलेली. न बघता आकडा मारायला गेले तर एकाच्या जागी सात पडेल. आठवडाभर सराव लागतो, आणि तो हंगामाआधी झाला पाहिजे. पडद्यावर नोंद मोठ्या आकड्यात दिसावी आणि पलीकडे उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही दिसावी, एवढा पडदा त्याच्याकडे वळता हवा.

पहिल्या पानावर चारच ओळी असाव्यात. एक दाबा, आवक. दोन दाबा, जावक. तीन, थप्पी बदलली. चार, शिल्लक दाखवा. शून्य म्हणजे मागे फिरा, कुठेही असलात तरी मागेच. पुढे प्रोग्रॅमने एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि प्रश्नांचा क्रम कामाच्या क्रमाने असावा. गाडी दारात आली की आधी विचारतो कुणाचा माल, मग कोणता, मग कट्टे किती, मग वजन, शेवटी थप्पी कोणती. ऑफिसातल्या माणसाने प्रोग्रॅम लिहिला की तो आधी तारीख आणि बिल नंबर विचारतो, कारण त्याच्या टेबलावर काम तिथून सुरू होते. तारीख तर कॉम्प्युटरला ठाऊकच असते, ती कट्टा उचलणाऱ्याला कशाला विचारायची?

कुणाचा माल, या प्रश्नाला नाव टाइप करू नये. एका गावात एकाच नावाचे तीन शेतकरी निघतात, आणि विठ्ठल कुणी ठ्ठ देऊन लिहितो, कुणी नुसता ठ. सभासद क्रमांक टाका. क्रमांक चुकला तर? त्यावर पुस्तकवाल्यांनी पूर्वीच एक युक्ती वापरली आहे. पुस्तकांना दहा आकडी क्रमांक असायचा तेव्हा त्याचा शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून हिशोबाने काढलेला असे. आपणही तसे करू शकतो. समजा क्रमांक ४७१२. चाराला एकाने गुणा, साताला दोनाने, एकाला तिनाने, दोनाला चाराने. चार, चौदा, तीन आणि आठ, बेरीज २९. अकराने भागा, बाकी सात. कार्डावर ४७१२-७ असे छापा. आता कुणी घाईत ७४१२-७ मारले, तर बेरीज येते २६, बाकी चार, आणि प्रोग्रॅम लगेच ओरडतो की क्रमांक चुकला. आकड्यांची उलटापालट ही घाईतली नेहमीची चूक आहे आणि ती जागीच पकडली जाते. बाकी दहा आली तर तो क्रमांक कुणाला द्यायचाच नाही, एवढे पथ्य. क्रमांक जुळला की पडद्यावर नाव आणि गाव मोठ्या अक्षरात यावे आणि शेतकऱ्याने "होय, मीच" म्हणावे.

अडवू नका, विचारा

वजनाचा प्रश्न महत्त्वाचा. प्रत्येक खेपेचे वजन काट्यावर व्हावे आणि प्रोग्रॅमने ते कट्ट्यांच्या संख्येने भागून पाहावे. माझ्या बाबतीत खरे वजन भरले असते तर एक्कावन्न कट्ट्यांत साडेएकोणतीस क्विंटल, म्हणजे कट्ट्यामागे जवळपास ५८ किलो आले असते. पन्नास किलोच्या कट्ट्यात अठ्ठावन्न किलो कसे, हे प्रोग्रॅमने तिथेच विचारले असते.

पण विचारावे, अडवू नये. यावर माझा आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांचा वाद होतो. त्यांना वाटते, चुकीचा आकडा घेऊच नये. मी म्हणतो, गोदामात विचित्र गोष्टी खरोखर घडतात. एखाद्याने मोठ्या पोत्यात माल आणलेला असतो, एखाद्याचा कट्टा अर्धाच भरलेला असतो. प्रोग्रॅम खरा आकडा घेत नाही म्हटल्यावर गाड्यांची रांग लागलेला माणूस काय करील? प्रोग्रॅमला आवडेल असा खोटा आकडा भरील आणि पुढे जाईल. म्हणून जास्तीत जास्त एवढेच करावे की शंकास्पद आकडा पुन्हा एकदा टाकायला लावावा आणि नोंदीपुढे एक फुली आपोआप पडावी.

बारदानाचेही तसेच. पन्नास किलोच्या ज्यूटच्या रिकाम्या पोत्याचे वजन अर्ध्या किलोच्या वर, विणलेल्या प्लॅस्टिकच्या कट्ट्याचे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. दोनशे कट्ट्यांत हा फरक पाऊण क्विंटलच्या वर जातो. सरसकट ज्यूटचे बारदान धरून कापणारी गोदामे मी पाहिली आहेत. बारदान ज्यूट की प्लॅस्टिक, एक की दोन, एवढा प्रश्न प्रोग्रॅमने विचारलाच पाहिजे.

आणि ओलावा. शंभर क्विंटल ज्वारी १४ टक्के ओलाव्यावर आत गेली आणि वाळून १२ टक्क्यांवर बाहेर आली, तर ती ९७ क्विंटल ७३ किलोच भरणार. सव्वादोन क्विंटल हवेत गेली. यात चोर कुणीच नाही. पण आत जातानाचा ओलावा नोंदलेला नसेल तर घट दिसताच पुन्हा बोट हमालाकडे जाते. उलट बाजूही आहे: ओलावा नोंदलेला नसेल तर गोदामवाला कितीही घट "वाळली" म्हणून आपल्या माथी मारू शकतो. दोघांच्याही बचावासाठी दोन आकडे, आत जाताना एक आणि बाहेर येताना एक.

रुईच्या गाठींचा हिशोब जरा वेगळा. गाठ १७० किलोची म्हणतात खरे, पण प्रत्येक गाठीचे वजन थोडे वेगळे भरते आणि प्रत्येकीवर आपला क्रमांक असतो. तिथे मोजणी चालत नाही, गाठीगणिक नोंद लागते. क्रमांक पुढे आपोआप वाढत जावा आणि माणसाने फक्त वजन, एंटर, वजन, एंटर असे मारत जावे. यापेक्षा जास्त काही नको.

खोडरबर बाहेर ठेवा

आता त्या खोडलेल्या एक्कावन्नकडे येतो. प्रोग्रॅममध्ये नोंद पुसायची कळच नसावी. चूक झाली तर जुनी नोंद तशीच ठेवून तिच्याखाली उलटी नोंद करा, कारण लिहा, मग बरोबर नोंद करा. जुना मुनीम कीर्दीत खाडाखोड करत नसे, दुरुस्तीची वेगळी नोंद घाले, तेच हे. हे आता कायद्यानेही सांगितले आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी हिशोबासाठी जो प्रोग्रॅम वापरायचा, त्यात प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, असा केंद्राच्या कंपनी नियमांत दंडक आहे. आपली उत्पादक कंपनी ही कंपनीच आहे. पैशाच्या हिशोबाला हा नियम लागतो, मग ज्या मालातून तो पैसा येतो त्याच्या हिशोबाला आपणच आपल्याला का लावून घेऊ नये?

वीज गेली तर? जाणारच. प्रत्येक एंटरला नोंद पक्की व्हावी, एकतर पूर्ण नाहीतर मुळीच नाही, अर्धवट नको. याचे तंत्र फुकट उपलब्ध आहे. एसक्यूलाइट नावाची नोंदवही २००० साली निघाली, ती कुणाच्याही मालकीची नाही, आपल्या खिशातल्या मोबाईलमध्येही तीच असते. त्यामुळे दरवर्षी भाडे मागणाऱ्या आणि भाडे थकले की आपलीच आकडेवारी कुलुपात ठेवणाऱ्या प्रोग्रॅमची गरज नाही. तालुक्यात कॉम्प्युटर शिकलेली पोरेपोरी खूप आहेत. त्यांना काम द्या, पण अट घाला: हंगामात चार दिवस काट्यापाशी उभे राहायचे, मग लिहायला बसायचे. आणि लिहिण्याआधी पुठ्ठ्यावर पाने काढून हमालापुढे ठेवायची. तो जिथे अडखळेल तिथे त्याला शिकवायचे नाही, पान बदलायचे.

पावती काट्यापाशीच निघावी, दोन प्रती, आकडे फक्त मराठी आणि शेजारी अक्षरी, चेकवर लिहितो तसे. एक प्रत शेतकऱ्याची, एक गोदामाची. यंत्र मात्र जुने ठकठक करणारे डॉट मॅट्रिक्स घ्या, खाली कार्बन लावून. दुकानात मिळते तशी गुळगुळीत थर्मल कागदाची पावती उन्हात, उष्णतेत टिकत नाही. वैशाखात सदऱ्याच्या खिशात ठेवलेली पावती आषाढात काढली तर कोरी निघते.

हे सगळे कशासाठी, तर मालाला भाव नसेल तेव्हा तो रोखून धरण्याची ताकद यावी म्हणून. राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे, १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने, आणि ज्वारी तिच्यात बसते. केंद्राचा वखार कायदा २००७ चा, २०१० पासून लागू. नोंदणीकृत गोदामाच्या पावतीवर बँक कर्ज देते आणि २०१७ पासून ती पावती इलेक्ट्रॉनिकही झाली. आपला छोटा प्रोग्रॅम त्या नोंदणीची जागा घेणार नाही, ती वेगळी करावी लागेल. आणि गोदामपालच चोर असेल तर कुठलाही कीबोर्ड त्याला साव करणार नाही. पण वरची सगळी कागदपत्रे शेवटी काट्यापाशी पडलेल्या पहिल्या आकड्यावर उभी असतात. तो आकडा कुणी टाकला हे आजवर आपण विचारलेच नाही.

आमच्या मंडळात एका संचालकाने आक्षेप घेतला, "हमालाच्या हाती हिशोब द्यायचा?" मी त्यांना ती रेघांची वही दाखवली. हमाली कट्ट्यामागे मिळते, तेव्हा एक कट्टा कमी लिहिला तर त्याची मजुरी बुडते. जास्त लिहिला तर शेजारी उभ्या गोदामपालाला खड्डा पडतो, तो बोलल्याशिवाय राहणार नाही. दोघांनी मिळून टाकलेला आणि शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिलेला आकडा, याहून चांगला हिशोब तपासनीस पगार देऊनही मिळायचा नाही. तेच पडद्यावर त्या दिवसाची हमाली कट्ट्यांप्रमाणे किती झाली हेही दाखवावे, म्हणजे मुकादमाशी संध्याकाळी होणारी हुज्जतही वाचेल.

जिल्हा बैठकीत हा विषय घ्यावा अशी माझी मागणी आहे. येताना प्रत्येकाने गेल्या दोन हंगामांच्या गोदाम पावत्या आणाव्यात. कट्टे, वजन, बारदान आणि ओलावा यांतले काय काय लिहिलेले आहे आणि काय नाही ते आपण एकत्र बसून पाहू. पावती थर्मल कागदाची असेल तर आजच तिची झेरॉक्स काढून ठेवा.